तेओफिलो ब्रागा : लोकगीतांतून प्रजासत्ताकाकडे

पोर्तुगालच्या सरकारने 1 सप्टेंबर 1911 रोजी पोर्तुगीज भाषेचं नवं शुद्धलेखन लागू केलं. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत 'फ'साठी 'पी-एच' लिहायची जुनी रीत गेली, तिथे साधा 'एफ' आला. 'टी'च्या मागे उगाच उभा असलेला मुका 'एच' गळाला. औषधाच्या दुकानांच्या पाट्यांवरचं स्पेलिंग एका हुकुमाने जुनं झालं, आणि ज्या हंगामी सरकारने हा हुकूम काढला त्याच्या प्रमुखाचं नावसुद्धा. जन्मापासून रोमन लिपीत नऊ अक्षरांनी लिहिलं जाणारं 'तेओफिलो' आता सात अक्षरांत मावायला लागलं.

तेओफिलो ब्रागा तेव्हा 68 वर्षांचे होते. कवी, लोकगीतांचे संग्राहक, साहित्याचे इतिहासकार, प्राध्यापक, आणि गेले अकरा महिने एका नव्याकोऱ्या प्रजासत्ताकाचे प्रमुख. विद्वान माणूस उतारवयात राजकारणात ओढला गेला, असं त्यांच्याबद्दल सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांचं राजकारण त्यांच्या पुस्तकांतच उगवलं होतं, आणि ते कळायला आधी एक गाणं माहीत हवं.

गाणं आहे कात्रिनेता नावाच्या गलबताचं. सात वर्षं आणि एक दिवस ते समुद्रात भरकटतंय. खायला काही उरलेलं नाही. खलाशी बुटाचे तळवे पाण्यात भिजत घालतात, पण ते इतके चिवट की दातांना दाद देत नाहीत. मग चिठ्ठ्या टाकतात : कुणाला मारून खायचं? चिठ्ठी निघते कप्तानाच्या नावाची. तो एका खलाशाला डोलकाठीवर चढवतो, म्हणतो, बघ, पोर्तुगालची वाळू दिसते का. दिसते. संत्र्याच्या झाडाखाली बसलेल्या तीन मुलीही दिसतात. एक शिवतेय, एक सूत काततेय, आणि सगळ्यांत देखणी आहे ती रडतेय. तिघीही कप्तानाच्याच लेकी. कप्तान आनंदाने खलाशाला मुलगी देऊ करतो, सोनं देऊ करतो, घोडा देऊ करतो. खलाशाला काहीच नको, त्याला हवा आहे कप्तानाचा आत्मा. तो सैतान आहे. कप्तान म्हणतो, आत्मा देवाचा, शरीर समुद्राचं, आणि उडी घेतो. देवदूत त्याला वरच्यावर झेलतो.

हे गाणं कुणी रचलं? कुणालाच माहीत नाही. आजीकडून नातीकडे आलं, समुद्रावरून गावात आलं, गावातून दुसऱ्या बेटावर गेलं, आणि जिथे गेलं तिथे दोन ओळी टाकून चार नव्या घेऊन पुढे निघालं. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीचं जसं होतं तसंच. अल्मेदा गॅरेट या थोर लेखकाने ते ब्रागांच्या आधीच छापलं होतं. ब्रागांनी 1867 पासून अशा गाण्यांचे संग्रह काढायला सुरुवात केली आणि 1869 मध्ये अझोरेस बेटांवरच्या लोकगीतांचा खास संग्रह छापला. त्यातली कितीतरी गाणी सांव जोर्ज बेटावरच्या जुआंव तेइशेरा सुआरेस या अभ्यासकाने म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून उतरवून पाठवली होती. ब्रागा स्वतः गावोगाव हिंडणाऱ्यांतले नव्हते. त्यांचं काम टेबलापाशी चालायचं : जमवणं, लावणं, जुळवणं, त्यातून सिद्धान्त काढणं.

तो सिद्धान्त एका वाक्यात सांगायचा तर : देश म्हणजे राजघराणं नव्हे, देश म्हणजे हे गाणारे लोक. राजे बदलले, घराणी बदलली, मधली साठ वर्षं तर स्पेनच्या राजाचीच सत्ता होती, पण गाणं चालूच राहिलं. मग देशाचा खरा मालक कोण?

आज हे वाचताना त्यात फार काही धाडसी वाटणार नाही. 1867 मध्ये, राजाच्या राज्यात, ते होतं.

ब्रागांचा जन्म 24 फेब्रुवारी 1843 चा, अझोरेसमधल्या सांव मिगेल बेटावर, पोंता देल्गादा या गावी. अटलांटिकमधली ही बेटं लिस्बनपासून दीड हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सावत्र आईने मुलाचे हाल केले. त्या घरातून सुटायचा रस्ता त्याला छापखान्यात सापडला. गावातल्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात तो खिळे जुळवायला लागला. एकेक शिशाचा खिळा खणातून उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. जो मुलगा अक्षरांना असा बोटांनी ओळखतो त्याला पुढे शुद्धलेखनाची काळजी वाटली तर नवल नाही. सोळाव्या वर्षी त्याने स्वतःच्या कवितांचं पुस्तक काढलं.

1861 मध्ये तो कुइंब्रा विद्यापीठात कायदा शिकायला गेला. घरून पैसे पुरेसे येत नव्हते, तेव्हा शिकवण्या घेऊन आणि लिहून त्याने भागवलं. तिथे 1865 मध्ये एक भांडण झालं. त्याची पोर्तुगीज साहित्यात आजही चर्चा होते.

आंतोनियो फेलिसियानो द कास्तील्यो हे त्या वेळचे साहित्यातले वडीलधारे. लहानपणीच दृष्टी गेलेली, तरी जिद्दीने मोठे झालेले. नवा कवी आला की त्याने कास्तील्योंचा आशीर्वाद घ्यायचा आणि कास्तील्योंनी चार शब्द लिहून त्याला दरबारात रुजू करायचं, असा रिवाज पडला होता. एका आवडत्या तरुणाच्या पुस्तकाला जोडलेल्या पत्रात त्यांनी कुइंब्राच्या पोरांना चिमटे काढले : यांचं लिखाण कळत नाही, यांना तारतम्य नाही. त्यात आंतेरो दे केंताल आणि तेओफिलो ब्रागा ही दोन नावं होती. दोघेही पोंता देल्गादाचे, वयात जेमतेम वर्षाचं अंतर. आंतेरोने भडकून उत्तर छापलं. ब्रागांनीही पत्रक काढलं, त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'साहित्यातली धर्मसत्ता'. मग पत्रकांवर पत्रकं निघाली. प्रकरण इतकं तापलं की आंतेरो आणि रमाल्यो ओर्तिगाओ हा लेखक तलवारी घेऊन द्वंद्वाला उभे राहिले. ओर्तिगाओला जखम झाली.

पत्रकाच्या त्या नावाकडे नीट पाहायला हवं. वरून आशीर्वाद, खालून नमस्कार, ही रचना ब्रागांना साहित्यात खटकली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे चर्चमध्ये आणि राजवाड्यात त्यांना तीच रचना दिसली.

कायद्याची डॉक्टरेट 1868 मध्ये मिळाली, पण नोकरी मिळेना. पोर्तूमध्ये एका जागेसाठी प्रयत्न केला, नाही मिळाली. कुइंब्रात केला, नाही मिळाली. अखेर 1872 मध्ये लिस्बनच्या उच्च साहित्य महाविद्यालयात आधुनिक साहित्याच्या अध्यापकपदासाठी स्पर्धा झाली, तिथे त्यांनी पिन्येइरो शागाश आणि लुसियानो कोर्देइरो यांना मागे टाकून जागा मिळवली. यातला शागाश म्हणजे कास्तील्योंच्या त्या पत्राने ज्याचं पुस्तक सजलं होतं तोच तरुण.

आता जरा अवघड भाग. तो टाळला तर ब्रागांनी पुढे जे केलं ते सगळं अर्धवट कळतं.

लिस्बनला आल्यावर ब्रागांना ऑगस्त काँत हा फ्रेंच विचारवंत सापडला, आणि त्याचा प्रत्यक्षार्थवाद. काँत म्हणतो, माणसाची समज तीन पायऱ्यांनी चढते. पाऊस पडला नाही, तर पहिल्या पायरीवरचा माणूस म्हणतो देव कोपला. दुसऱ्या पायरीवर देव मागे पडतो, त्याच्या जागी मोठमोठे शब्द येतात : निसर्गाची शक्ती, वस्तूचा स्वभाव. वाटतं उत्तर मिळालं, पण हाती काहीच लागलेलं नसतं. तिसऱ्या पायरीवर माणूस 'का' विचारणं सोडून मोजायला लागतो : हवेचा दाब किती, वारे कुठून आले, मागच्या वर्षी काय झालं होतं. ज्ञान तिथे सुरू होतं.

ब्रागांनी हीच शिडी राज्यव्यवस्थेला लावली. देवाने नेमलेला राजा, ही पहिली पायरी. संविधान मानणारा, पण तरीही वंशपरंपरेने येणारा राजा, ही दुसरी : शब्द आधुनिक, गाभा जुना. पोर्तुगाल तेव्हा नेमका या पायरीवर होता. तिसरी पायरी म्हणजे प्रजासत्ताक, आणि ते येणारच, कारण समाजाची वाढ त्याच दिशेने होते. बंड म्हणजे नुसता राग राहिला नाही, ते विज्ञानाचं अनुमान झालं. 1878 मध्ये त्यांनी ज्युलियो द मातोशबरोबर या विचाराचं नियतकालिक सुरू केलं, आणि 1880 मध्ये पोर्तुगालमधल्या प्रजासत्ताकवादी विचारांचा इतिहास लिहिला.

शिडी सुटसुटीत आहे आणि तिचा धोकाही तोच आहे. वर काय आहे हे आधीच ठरलेलं असलं की खालच्या पायरीवरचा माणूस मागासलेला दिसायला लागतो, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची गरज उरत नाही. विद्वान म्हणूनही ब्रागांच्या हातून हे झालं. सिद्धान्त आधी, पुरावा मागाहून. पोर्तुगीज लोकांचं मूळ मुस्लिम राजवटीत राहिलेल्या मोझाराब ख्रिस्त्यांत आहे, ही कल्पना त्यांनी अशी ताणली की आंतेरोसारख्या जुन्या सोबत्यानेही 1872 मध्ये जाहीर टीका केली. त्यांनी लिहिलंही अफाट आणि घाईने. पण ज्या गोष्टीला तोवर कुणी अभ्यासाचा विषयच मानत नव्हतं, ती त्यांनी कागदावर आणून ठेवली. 1883 मध्ये लोककथा, 1885 मध्ये लोकांच्या चालीरीती आणि समजुतींवर मोठा ग्रंथ. चुकलेले सिद्धान्त पुढच्यांनी दुरुस्त केले. न टिपलेलं गाणं मात्र कुणालाच परत आणता आलं नसतं.

घरात मात्र या वर्षांत अंधार झाला. मारिया दो कार्मो ही त्यांची पत्नी. पहिलं मूल जन्मल्यावर लगेच गेलं होतं. 1886-87 च्या सुमारास उरलेला मुलगा आणि मुलगी पाठोपाठ गेली. कामिलो काश्तेलो ब्रांको हा त्या काळचा सर्वांत गाजलेला कादंबरीकार, ब्रागांशी उभा दावा मांडलेला माणूस. ही बातमी ऐकून त्याने सुनीत लिहिलं, 'सर्वांत मोठं मानवी दुःख' या नावाचं. वैऱ्याने वैऱ्यासाठी लिहिलेली ती कविता पोर्तुगीजमध्ये आजही वाचली जाते.

1880 मध्ये परत जायला हवं, कारण राजकारणाची खरी सुरुवात त्या वर्षी झाली आणि ती एका कवीच्या पुण्यतिथीने झाली. लुईश द कामोइंश हा पोर्तुगालचा महाकवी. काही वर्षं गोव्यात काढलेला, हलाखीत मेलेला. त्याचा मृत्यू 10 जून 1580 चा मानतात. त्याच वर्षी पोर्तुगालचं स्वातंत्र्य गेलं आणि देश स्पेनच्या राजाकडे गेला. कवी आणि देश एकाच वर्षी मेले, हा योगायोग कुठल्याही पोर्तुगीज माणसाच्या काळजाला भिडणारा. काँतनेही सुचवलं होतं की संतांच्या सणांऐवजी थोर माणसांच्या आठवणीचं कॅलेंडर करावं. ब्रागांनी हे दोन धागे एकत्र आणले. त्रिशताब्दीसाठी पत्रकारांची समिती झाली. त्यात ब्रागा होते, तलवारबाजीत जखमी झालेला ओर्तिगाओ होता, हरलेले उमेदवार शागाश आणि कोर्देइरोही होते.

लिस्बनच्या रस्त्यांवरून मोठी मिरवणूक निघाली. समारंभ सरकारने घडवलेला नव्हता, नागरिकांनी घडवला होता. राजघराणं त्यात पाहुण्यासारखं. लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की राजाला मध्यभागी न बसवताही देशाचा सण साजरा होतो. प्रजासत्ताकवादी पक्ष तोवर चार चर्चामंडळांपुरता होता, तो तिथून वाढायला लागला. 10 जून हा आजही पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस आहे.

पुढची तीस वर्षं भराभर सांगता येतात. राजाच्या राज्यात दोन पक्ष होते, ते आळीपाळीने सत्तेवर बसायचे, कर्ज वाढत होतं. 11 जानेवारी 1890 ला ब्रिटनने दम भरला : अंगोला आणि मोझांबिक यांच्या मधल्या मुलखातून सैन्य मागे घ्या. राजाने मान तुकवली आणि देश संतापला. त्या संतापात रचलं गेलेलं 'अ पोर्तुगेझा' हे गाणं पुढे राष्ट्रगीत झालं. प्रजासत्ताकवादी पक्षाचा जानेवारी 1891 चा जाहीरनामा मुख्यतः ब्रागांच्या हातचा. तो निघून तीन आठवडे होत नाहीत तोच पोर्तूमध्ये बंड झालं आणि चिरडलं गेलं. 1 फेब्रुवारी 1908 ला लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात राजा कार्लोश आणि युवराज यांना गोळ्या घातल्या. अठरा वर्षांचा मानुएल गादीवर आला.

1910 च्या ऑक्टोबरमध्ये बंड पुकारलं गेलं तेव्हा सगळं बिनसत गेलं. 3 तारखेला मिगेल बोंबार्दा या नेत्याला, जे मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांच्याच एका रुग्णाने गोळी घातली. आरमाराचं नेतृत्व करणारे अ‍ॅडमिरल कांदिदो दोश रेइश यांना वाटलं सगळं हरलं, त्यांनी आत्महत्या केली. अधिकारी पांगले. माशादो सांतोश नावाचा आरमारातला एक कनिष्ठ अधिकारी मात्र रोतुंदा चौकात काही सैनिक आणि नागरिक घेऊन ठाण मांडून बसला. 5 तारखेच्या सकाळी जर्मन वकिलातीचा अधिकारी परदेशी लोकांना बाहेर काढायला वेळ मिळावा म्हणून पांढरं निशाण घेऊन निघाला. लोकांना वाटलं राजाच्या फौजेने शरणागती पत्करली. ते रस्त्यावर उतरले, सैनिकांना मिठ्या मारायला लागले, आणि मग लढायला कुणी उरलंच नाही. नऊच्या सुमारास नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झालं. तरुण राजा एरिसेरा या कोळ्यांच्या गावाहून बोटीत बसून जिब्राल्टरला गेला. युरोपात तेव्हा प्रजासत्ताकं म्हणजे फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इवलंसं सान मारिनो. त्यांत आता पोर्तुगाल आलं.

प्रमुख म्हणून ब्रागांचं नाव का आलं? अफोंसो कोश्ता, आंतोनियो जुझे द अल्मेदा, ब्रितो कामाशो हे तिघे खरे धडाडीचे पुढारी होते आणि एकमेकांना पाण्यात पाहत होते. ब्रागा ज्येष्ठ होते, त्यांचा गट नव्हता, आणि तीस-चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आल्याने त्यांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती. सत्तेची दोरी मुख्यतः न्यायमंत्री कोश्तांच्या हातात राहिली, हे मान्य करायला हवं.

अकरा महिन्यांत या सरकारने जे केलं त्याचा वेग बघून आजही दम लागतो. तिसऱ्याच दिवशी जेसुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना देशाबाहेर काढलं, मठ बंद केले. नोव्हेंबरात घटस्फोटाचा कायदा आला, पती-पत्नी दोघांना सारख्या हक्काने. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चमधून सरकारी कचेरीत आली. 25 डिसेंबर हा 'कुटुंबाचा दिवस' झाला. लिस्बन आणि पोर्तू इथे विद्यापीठं निघाली, ब्रागांचं जुनं महाविद्यालय लिस्बनच्या विद्यापीठात सामावलं. हिरवा-तांबडा झेंडा आला, एस्कूदो हे नवं चलन आलं. 20 एप्रिल 1911 ला चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला. आणि शेवटी ते शुद्धलेखन. देशात दर चार माणसांत साधारण तीन निरक्षर होती. लिहिणं सोपं केलं तर शिकणं सोपं होईल, हा त्यामागचा हिशोब होता.

कात्रिनेताचं गाणं इथे पुन्हा आठवायला हवं. ते गाणारी बाई निरक्षर होती आणि तिच्या गाण्यात कप्तानाला देवदूत झेलत होता. ज्या लोकांना ब्रागांनी देशाचे मालक म्हटलं ते असे होते : न लिहिता-वाचता येणारे, आणि गावच्या देवळाभोवती, आपल्या संतांच्या जत्रेभोवती जगणारे.

प्रजासत्ताकाने त्यांचं काय केलं? चर्चच्या सत्तेला हात घालणं गरजेचं होतं, यात मला शंका वाटत नाही. पण उत्तरेकडच्या खेड्यांत लोकांना दिसलं ते इतकंच, की आपल्या मिरवणुकीला आता सरकारी परवाना लागतो आणि पोर्तूच्या बिशपला पदावरून हटवलं. आपलं राज्य आलं, असं त्यांना वाटलं नाही. लिस्बनच्या लोकांनी आपल्यावर काहीतरी लादलं, असं वाटलं.

दुसरी गोष्ट मताची. 1911 च्या निवडणूक कायद्यात 21 वर्षांवरचा जो लिहूवाचू शकतो किंवा कुटुंबाचा प्रमुख आहे, त्याला मत होतं. कायदा करणाऱ्यांनी 'पुरुष' हा शब्द लिहिला नव्हता, तो गृहीतच धरला होता. कारोलिना बेआत्रिश आंजेलो या लिस्बनच्या शल्यचिकित्सक. विधवा, पदरी एक मुलगी. त्या म्हणाल्या, मी शिकलेली आहे आणि कुटुंबप्रमुखही आहे. कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि 28 मे 1911 ला त्यांनी मतदान केलं. देशात मत देणारी पहिली बाई. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या वारल्या. 1913 मध्ये, ब्रागा सत्तेवर नसताना, कोश्तांच्या सरकारने कायदा बदलला : मत फक्त साक्षर पुरुषाला. राहून गेलेला शब्द घातला गेला, आणि कुटुंबप्रमुख म्हणून मत असलेला निरक्षर शेतकरीही त्याबरोबर गेला. त्यामागे भीती होती की निरक्षर माणूस पाद्र्याच्या सांगण्यावरून मत देईल. ज्यांच्या गाण्यांवरून 'देश यांचा' असं सिद्ध केलं, त्यांच्या मताची भीती वाटावी, हे मला त्या प्रजासत्ताकाचं सर्वांत मोठं दुखणं वाटतं. शिडीच्या वर उभं राहून खाली पाहिलं की असं होतं.

गोव्यात मात्र त्याच प्रजासत्ताकाचा अनुभव वेगळा होता. राजाच्या काळी कॅथलिक हा राज्याचा धर्म होता. 1910 नंतर कायद्यापुढे हिंदू आणि ख्रिस्ती बरोबरीचे झाले, आणि गोव्यातला हिंदू समाज शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं काढायला लागला. मडगावचं गोमंत विद्या निकेतन 1911 चं. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' 1912 चं. लुईस मिनेझिस ब्रागांझा यांनी 1911 मध्ये 'ओ देबाते' हे प्रजासत्ताकवादी साप्ताहिक काढलं. लिस्बनच्या मध्यमवर्गाने चर्चविरुद्ध केलेल्या कायद्याचा फायदा सासष्टीच्या आणि केप्याच्या माणसाला झाला. पण बरोबरी कायद्यापुढची, सत्तेतली नव्हे. 1890 च्या ज्या संतापावर हा पक्ष वाढला तो मुळात आफ्रिकेतला मुलूख हातचा गेल्याचा संताप होता. लोक हेच देशाचे मालक, हा नियम अंगोला, मोझांबिक किंवा गोव्याला लावावा असं त्या नेत्यांच्या मनात आलं नाही. ब्रागांच्याही नाही.

गोव्याचा आणखी एक धागा ब्रागांच्या अगदी जवळ होता. त्यांच्याच महाविद्यालयात 1907 पासून संस्कृत शिकवत होते मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो, बार्देशमधल्या आसगावचे, कोंकणी कोशाचे कर्ते. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे रुजले, यावर त्यांचा ग्रंथ 1913 मध्ये निघाला. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं हे शब्द आपल्या तोंडी कसे आले ते शोधणाऱ्याला आजही दाल्गादोंकडे जावं लागतं. पाद्री असून पाद्र्यांवर रुष्ट असलेल्या प्रजासत्ताकात ते शिकवत राहिले.

ऑगस्ट 1911 मध्ये नवं संविधान आलं. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा, पण त्याला संसद बरखास्त करण्याचा अधिकार नाही. राजाची सवय मोडायची म्हणून अध्यक्षाचे हात बांधले. परिणाम असा झाला की संसद अडली की सनदशीर वाट उरायची नाही, मग बंदुका निघायच्या. सोळा वर्षांत 45 च्या आसपास सरकारं झाली. पहिले निवडून आलेले अध्यक्ष मानुएल द आर्रियागा, तेही अझोरेसचेच. 1915 च्या सुरुवातीला त्यांनी एका जनरलला संसदेशिवाय कारभार करू दिला, 14 मे ला लिस्बनमध्ये रक्त सांडलं, आर्रियागांनी राजीनामा दिला. उरलेल्या चार महिन्यांसाठी सगळ्यांना चालेल असा माणूस हवा होता. पुन्हा ब्रागा.

त्या वेळी ते 72 वर्षांचे होते. 29 मे ते 5 ऑक्टोबर 1915 ते अध्यक्ष राहिले. पत्नी 1911 मध्येच गेली होती, घरी कुणी नव्हतं. हातात छत्री घेऊन ट्रामने कामावर जाणारे अध्यक्ष म्हणून लिस्बनने त्यांना लक्षात ठेवलं. मुदत संपली, बेर्नार्दिनो माशादो आले, आणि ब्रागा पुन्हा आपल्या कागदांपाशी बसले. 28 जानेवारी 1924 रोजी ते गेले, घरी, आपल्या कामाच्या खोलीत, एकटेच.

दोन वर्षांनी, 28 मे 1926 ला, लष्कराने ते प्रजासत्ताक मोडलं. मग सालाझारची हुकूमशाही आली.

लिस्बनमध्ये सांता एंग्रासिया नावाचं चर्च आहे. त्याचं बांधकाम 1682 मध्ये सुरू झालं आणि इतकं रखडलं, की कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीजमध्ये 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. सालाझारच्या सरकारने ते 1966 मध्ये पुरं केलं आणि तिथे राष्ट्रीय स्मारक केलं. जेरोनिमोश मठातून काही थोरांच्या अस्थी तिथे हलवल्या. त्यांत कात्रिनेताचं गाणं आधी छापणारा गॅरेट होता, आणि ब्रागाही. लष्कराच्या राजवटीचे पहिले दीर्घकाळचे अध्यक्ष जनरल कार्मोना यांनाही त्याच वर्षी तिथेच आणलं. चर्च राज्यापासून वेगळं करणारा माणूस आज एका चर्चच्या घुमटाखाली आहे, आणि त्याच घुमटाखाली त्याचं प्रजासत्ताक ज्यांनी बुडवलं त्यांच्यातला एक.